सायकल विकून ती चालवायलाही शिकवणारा माणूस : लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि तुमची पुढची क्रूझर



वडूज, दहिवडी, औंध, मायणी या आपल्या पट्ट्यात सध्या एक प्रश्न फार ऐकू येतो. कॉलेजात असताना बाइक दणकून चालवलेली असते. मग पुण्याला, मुंबईला नाहीतर बंगळुरूला नोकरी लागते. तिथं कंपनीची बस, मेट्रो आणि कॅब यांत सात-आठ वर्षं निघून जातात. आता हातात चार पैसे आलेत, गावाकडं येणं-जाणं वाढलंय, आणि परत बाइक घ्यायचीय. तीही साधी नको. क्रूझर पाहिजे. लांबलचक, बुटकी, पाय पुढं टाकून आरामात बसायची. मग प्रश्न येतो : कोणती घेऊ?

या प्रश्नाचं अर्धं उत्तर स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात असतं. उरलेलं अर्धं तिथं नसतं, कारण तक्ता गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नसतो. त्या उरलेल्या अर्ध्यासाठी आज आपण एका माणसाचं आयुष्य बघणार आहोत. हा माणूस १८८८ साली दुचाकीच्या धंद्यात उतरला. त्याचा कारखाना पुढं आपल्याच औंधच्या राजानं दिलेल्या माळावर उभा राहिला. औंध म्हणजे खटाव तालुका, आणि खटाव तालुक्याचं ठाणं म्हणजे वडूज. त्यामुळं ही गोष्ट तशी घरचीच.

नाव तुम्हाला माहीत आहे. विहिरीवरच्या पंपावर, शेतातल्या इंजिनावर ते कित्येकदा वाचलं असेल : किर्लोस्कर.

रंग हुकले, रेषा नाही

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशीनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात पुस्तकांना मान. पण लक्ष्मणचं शाळेत काही मन रमेना. त्याला चित्रं काढायला आवडायची आणि यंत्रं उघडून बघायला आवडायची. आजच्या भाषेत सांगायचं तर मार्कशीट यथातथा, पण मोबाइल खोलून परत जोडणारा मुलगा.

१८८५ मध्ये, वडिलांच्या मनात नसताना, तो मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. मोठा भाऊ रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, त्याच्या पाठीशी उभा राहिला. दोन वर्षं बरी गेली आणि मग लक्षात आलं की या मुलाला काही रंग नीट ओळखू येत नाहीत. अंशतः रंगांधळेपणा. चित्रकार व्हायला निघालेल्या माणसाला याहून वाईट बातमी कुठली?

इथं त्यांनी जे केलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. डोळ्यांशी भांडत बसले नाहीत, आणि चित्रकलाही सगळी सोडली नाही. रंग दिसत नव्हते, पण रेषा अगदी स्वच्छ दिसत होत्या. त्यांनी यांत्रिक रेखाटन धरलं, म्हणजे यंत्राच्या भागांची मापासकट काढलेली चित्रं. त्यात रंगाची गरजच नसते. त्याच जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, त्यांना शिकवण्याची नोकरी मिळाली. ही संस्था नुकतीच, १८८७ मध्ये, सुरू झाली होती. शिकवता शिकवता ते तिथली यंत्रं बघत, हाताळत, दुरुस्त करत. इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, पण रोज वर्कशॉप समोर होतं.

जाता जाता एक माहिती. रंग ओळखण्यात थोडी किंवा मध्यम अडचण असलेल्यांनाही आता आपल्याकडं वाहन परवाना मिळू शकतो. केंद्र सरकारनं २०२० मध्ये नियमांत तसा बदल केला. तीव्र रंगांधळेपणा असेल तर मात्र मिळत नाही. त्यामुळं कोणी या कारणानं परवान्याचा विचारच सोडून दिला असेल, तर त्यानं एकदा डोळे तपासून घ्यावेत.

बेळगावचं दुकान

आता दुचाकी. त्या काळात सायकल म्हणजे आजच्या इलेक्ट्रिक गाडीपेक्षाही नवलाची वस्तू. त्याआधीची सायकल आठवा : पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं, मागचं ताटाएवढं, आणि बसणारा वर टांगलेला. खड्डा आला की सरळ डोक्यावर. १८८५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली यांनी रोव्हर नावाची सायकल बाजारात आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, मागच्या चाकाला साखळी, आणि सीट इतकी खाली की पाय जमिनीला पोचतील. तिला सेफ्टी सायकल म्हणायचे. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं आणि हाडं खिळखिळी करणारा प्रवास मऊ झाला.

लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकल बघितली आणि त्यांना त्यात धंदा दिसला. १८८८ मध्ये दोघा भावांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. नाव ठेवलं किर्लोस्कर ब्रदर्स. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून पाठवायचे आणि रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे. किंमत सातशे ते हजार रुपये. त्या काळी ही रक्कम सामान्य माणसाच्या स्वप्नातही नसायची. त्यामुळं गिऱ्हाईक म्हणजे साहेब, अधिकारी, श्रीमंत माणसं.

आता खरी गंमत. दुकानात सायकलबरोबर आणखी एक गोष्ट विकत मिळायची : सायकल चालवायची शिकवणी. फी पंधरा रुपये.

हा हिशेब जरा करून बघा. सातशे रुपयांच्या सायकलवर पंधरा रुपयांची शिकवणी म्हणजे साधारण दोन टक्के. हजाराच्या सायकलवर दीड टक्का. विकणाऱ्याला कळलं होतं की ज्या माणसानं आयुष्यात दुचाकी बघितली नाही, त्याच्या हातात ती देऊन पैसे मोजून घेतले तर तो पडेल, सायकल घरी पडून राहील, आणि तो चार लोकांना सांगेल की ही वस्तू बेकार आहे. आज ॲप बनवताना आम्ही इंजिनिअर लोक ज्याला ऑनबोर्डिंग म्हणतो, म्हणजे नव्या माणसाला हात धरून पहिल्या चार पायऱ्या दाखवणं, ते बेळगावच्या त्या दुकानात पंधरा रुपयांत होत होतं.

दोन लाखांच्या क्रूझरवर दोन टक्के म्हणजे चार हजार. आपण लेग गार्ड, सॅडल बॅग, जाड आवाजाचा सायलेन्सर यांच्यावर याच्या तिप्पट उडवतो. स्वतःला पुन्हा शिकवण्यावर किती? बहुतेक वेळा शून्य.

त्याच रस्त्यावरून वेगळं वळण

सायकलच्या धंद्यातून निघालेली नावं जगात बरीच आहेत. इंग्लंडची ट्रायम्फ आधी सायकल बनवायची. रॉयल एनफिल्डसुद्धा आधी सायकलवाली, तिची पहिली मोटरसायकल १९०१ ची. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसन १९०३ ला सुरू झाली, तेव्हा सुरुवातीची कल्पनाच सायकलला इंजिन जोडायची होती. म्हणजे बेळगावचे किर्लोस्कर ज्या जागी उभे होते, तिथूनच मोटरसायकलचा रस्ता निघत होता.

लक्ष्मणराव त्या रस्त्यानं गेले नाहीत. का, ते समजून घेण्यासारखं आहे.

मुंबईच्या संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली. काम येत होतं, ज्येष्ठता होती, पण राज्य कोणाचं होतं ते आड आलं. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. एव्हाना शतक संपत आलं होतं. आता सायकलीपेक्षा मोठं काहीतरी करायचं होतं, तेही स्वतः बनवून. परदेशी मासिकं वाचून, यंत्रांची चित्रं अभ्यासून त्यांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं. मग लोखंडी नांगर.

कारण सरळ होतं. आजूबाजूला बघितलं तर रस्त्यावर चालणारा माणूस नव्हता, शेतात राबणारा माणूस होता. सायकल घेणारे गावात दहा-वीस. नांगर लागणारे घरटी. यंत्र कुठलं भारी, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला आणि इथल्या माणसाला, इथल्या जमिनीला कुठलं यंत्र लागतं, हा धरला.

दोन वर्षं न विकलेला नांगर

पण नुसतं बरोबर यंत्र बनवून भागत नाही. लाकडी नांगर पिढ्यान्‌पिढ्या चाललेला. लोखंडाचा नांगर घातला तर जमिनीत विष भिनेल, असं शेतकऱ्यांना वाटायचं. हसू नका. मोबाइल टॉवरबद्दल आणि इंडक्शन शेगडीबद्दल आपण काय काय ऐकतो ते आठवा. नवीन वस्तूची भीती ही अडाणीपणाची खूण नसते. ज्याचं पोट त्या जमिनीवर आहे तो जपूनच वागणार. नांगर फसला तर बनवणाऱ्याचा एक नांगर जातो, शेतकऱ्याचं वर्ष जातं.

पहिला लोखंडी नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आज एखादं ॲप दोन आठवडे चाललं नाही तर आम्ही ते बंद करतो. ते मात्र नांगर दाखवत राहिले. हळूहळू शेतकऱ्याला दिसलं की माती खोलवर उलटी होते, तण मुळासकट निघतं, आणि जमीन काही मरत नाही. मग मागणी वाढू लागली.

आणि नेमकी तेव्हाच जागा गेली. बेळगावात जिथं कारखाना होता ती जागा नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी हवी होती. यंत्रं, भट्टी, माणसं सगळं उचलून जायचं, पण कुठं?

निवडुंगाचा माळ

इथं आपलं औंध येतं. औंध संस्थानच्या गादीवर १९०९ मध्ये भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले होते. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे हेच ते राजेसाहेब. ते स्वतः उत्तम चित्रकार. औंधचं आजचं वस्तुसंग्रहालय हा त्यांच्याच कलाप्रेमाचा वारसा. लक्ष्मणरावांची आणि त्यांची ओळख होती. औंधात मंडप उभारण्याचं एक कामही लक्ष्मणरावांनी केलं होतं. चित्रकार झालेला राजा आणि चित्रकार होता होता राहिलेला कारागीर, अशी ती जोडी.

राजेसाहेबांनी संस्थानात कुठंही जागा निवडायला सांगितली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. इथं लक्ष्मणरावांनी जागा कशी निवडली ते बघा. राजधानी औंध होती. तिथं दरबार, ओळखी, सोय. पण औंधला रेल्वे नव्हती. लोखंड आणि कोळसा येणार कसा, नांगर जाणार कसे? त्यांनी निवडली कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन. दिसायला भयानक. निवडुंगानं भरलेला माळ, साप, पाण्याची ओरड. पण शेजारून रूळ जात होते.

१९१० च्या मार्चमध्ये तिथं काम सुरू झालं. बेळगावहून कामगार बायकापोरांसकट आले. निवडुंग तोडले, साप मारले, झोपड्या बांधल्या, भट्टी पेटवली. रामूअण्णांनी वसाहतीची घडी बसवली. पुढं त्या माळाला किर्लोस्करवाडी हे नाव पडलं आणि स्टेशनचं नावही तेच झालं. भारतातल्या अगदी पहिल्या औद्योगिक वसाहतींमध्ये तिची गणना होते. आज वडूजहून मायणी, विटा करत गेलात तर सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात ती लागते. झाडी इतकी दाट आहे की इथं कधी निवडुंगाचा माळ होता हे कोणाला पटणार नाही.

वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियम होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीची राखण दिली होती. ज्यांना गाव जवळ करत नव्हतं त्यांच्या हातात कारखान्याच्या किल्ल्या. आपल्याकडं बोलायला हे सोपं वाटतं. १९१० च्या दशकात, आपल्याच भागात, ते करून दाखवणं किती अवघड असेल याचा अंदाज करा.

तोफांचे नांगर

१९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं. इंग्लंडहून येणारं लोखंड आटलं, कोळसा मिळेना, रंग मिळेना. दुसरीकडं परदेशी नांगरही यायचे थांबले, म्हणजे किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली. गिऱ्हाईक दारात आणि कच्चा माल नाही. काही वर्षांपूर्वी चिपच्या टंचाईत गाड्यांचं वेटिंग वाढलं होतं, तसंच.

लक्ष्मणरावांनी मोडीतलं लोखंड गोळा केलं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून संस्थानातल्या जुन्या, निकामी तोफा मिळाल्या. त्या वितळवून नांगर ओतले. दगडी कोळशाऐवजी लाकडी कोळशावर भट्टी चालवली. आदर्श सामान मिळेल तेव्हा काम करू, असं म्हणत बसले असते तर कारखाना तिथंच संपला असता.

युद्धानंतर, १९२० मध्ये, किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी किर्लोस्कर खबर हे पत्रक सुरू झालं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शंवाकि, त्याचे संपादक. कारखान्याच्या मालाची माहिती देणारं ते पत्रक पुढं किर्लोस्कर नावाचं मोठं मासिक झालं आणि मराठी घराघरांत पोचलं. कंपनीचा ब्लॉग म्हणतात ना, तो मराठीत शंभर वर्षांपूर्वी निघत होता. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पंप असं एकेक वाडीतून बाहेर पडू लागलं. पुढची पिढी आणखी लांब गेली. १९४१ मध्ये हरिहरला लेथ मशिनचा कारखाना, १९४६ मध्ये पुण्यात खडकीला ऑइल इंजिनं. यात मुलगा शंतनुराव पुढं होते.

आग

१९४८. गांधीजींची हत्या झाली आणि दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर, दुकानांवर जमाव चालून गेले. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावली गेली. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. ज्या भागातल्या शेतकऱ्यासाठी आयुष्यभर यंत्रं बनवली, त्याच भागात हे झालं. या वयात असं काही डोळ्यांसमोर घडलं तर माणूस खचून जाईल, आणि कोणी त्याला बोल लावणार नाही.

कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले तेव्हा वाडी चालू होती. १९६९ मध्ये जन्मशताब्दीला भारत सरकारनं त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. रंग न ओळखता येणाऱ्या, शाळेत न रमलेल्या मुलाचं तिकीट.

त्यांच्या आयुष्यात पुन्हा सुरुवात किती वेळा झाली ते मोजा. चित्रकला सुटली, नोकरी सुटली, बेळगाव सुटलं, युद्धानं माल तोडला, आगीनं कारखाना नेला. दर वेळी त्यांनी आधी एकच बघितलं : आत्ता माझ्याकडं काय आहे आणि इथल्या जमिनीवर काय चालेल?

आता तुमची क्रूझर

हाच प्रश्न घेऊन शोरूममध्ये जा.

आधी स्वतःकडं बघा. सात-आठ वर्षांत तुम्ही तेच राहिलेले नसता. खुर्चीत बसून कंबर आखडलेली असते, वजन वाढलेलं असतं, आणि हाताला क्लचची सवय नसते. सगळ्यात मोठा फरक पडतो तो प्रतिक्रियेत. ताशी साठ किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळपास सतरा मीटर जाते. समोर मेंढरू आलं आणि ब्रेक दाबायला तुम्हाला एकाऐवजी दीड सेकंद लागला, तर ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधीच गाडी पंचवीस मीटर पुढं गेलेली असते. आठ मीटर जास्त. आपल्या माण-खटावच्या रस्त्यावर मेंढरांचे कळप किती, हे वेगळं सांगायला नको.

मग यंत्राकडं बघा. क्रूझरची सीट खाली असते, दोन चाकांतलं अंतर म्हणजे व्हीलबेस जास्त असतो, आणि पुढचा फोर्क जास्त कललेला असतो. त्यामुळं सरळ रस्त्यावर गाडी शांत, ठाम चालते. परत येणाऱ्यासाठी खाली असलेली सीट हा मोठा आधार, कारण थांबल्यावर दोन्ही पाय पूर्ण टेकतात. सेफ्टी सायकलनं जे केलं तेच. उदाहरणार्थ, बजाज ॲव्हेंजर २२० क्रूझची सीट ७३७ मिलिमीटरवर आणि वजन १६३ किलो. रॉयल एनफिल्ड मिटिऑर ३५० ची सीट ७६५ मिलिमीटरवर आणि वजन १९१ किलो. सीटमधला फरक तीन सेंटिमीटरचा, पण वजनात अठ्ठावीस किलोंचा. चालू गाडीत हे वजन जाणवत नाही. गेटातून मागं ढकलताना, चढावर उभी करताना, गाडी कलली की सावरताना जाणवतं. म्हणून टेस्ट राइडच्या आधी गाडी बंद ठेवून दहा पावलं मागं ढकलून बघा. घेण्याआधी त्या त्या व्हेरिअंटचे आकडे कंपनीच्या माहितीपत्रकात तपासा, ते बदलत असतात.

क्रूझरचे तोटेही आहेत. पाय पुढं असल्यामुळं खड्ड्यात सीटवरून उठता येत नाही, दणका थेट कण्याला बसतो. लांब गाडीला वळायला जागा जास्त लागते. बुटक्या गाडीचं पोट गावातल्या घरगुती गतिरोधकांवर घासू शकतं, त्यात मागं कोणी बसलेलं असेल तर आणखीच. तेव्हा रोजचा रस्ता कुठला ते ठरवा. वडूज-सातारा डांबरी असेल तर क्रूझर झकास. रोज मळ्यातल्या पाणंदीतून जायचं असेल तर साधी कम्युटर बाइकच बरी, दिसायला कशी का असेना. औंधच्या राजधानीपेक्षा रुळाशेजारचा निवडुंगाचा माळ बरा, हाच तो विचार.

१२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक आहे. काही गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं, काहींत दोन्ही चाकांना. सराव तुटलेल्या माणसानं दोन्ही चाकांचं घ्यावं. घाबरून मागचा ब्रेक जोरात दाबला तर चाक जाम होऊन घसरणार नाही.

आणि ते दोन टक्के. गाडी आली की पहिले चार रविवार गावाबाहेरच्या मोकळ्या पटांगणात घालवा. मित्राला बरोबर घ्या. पहिल्या दिवशी फक्त क्लच कुठं धरतो ते शोधा आणि चालण्याच्या वेगानं सरळ जा. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंना गोल वळणं. तिसऱ्या दिवशी ताशी तीस, मग चाळीसवरून पूर्ण ब्रेक, पुढचा आणि मागचा मिळून. चौथ्या दिवशी मागं माणूस बसवून हेच सगळं. त्यानंतर हायवे. ऊस सुरू झाल्यावर रात्री डबल ट्रॉलीच्या मागं जायची वेळ येईलच, तोवर हात तयार असू दे. जवळ चांगलं ड्रायव्हिंग स्कूल असेल तर पैसे देऊन शिका, त्यात कमीपणा नाही. बेळगावचे साहेबलोक पंधरा रुपये देऊन शिकत होते.

कागदाचं एक काम लगेच मोबाइलवर करा. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन उघडून लायसन्सची मुदत बघा. ती संपून वर्षाच्या वर गेलं असेल तर नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते. मुदत संपलेल्या लायसन्सवर अपघात झाला तर विम्याचे पैसे अडकू शकतात. आणि कॉलेजातलं जुनं हेल्मेट काढू नका, आतला थर्मोकोल वर्षांनी निकामी होतो. आयएसआय खुणेचं नवीन घ्या.

हे सगळं झालं की पहिली लांब राइड कुठं काढायची हे सुचवतो. वडूजहून औंध, यमाईचं दर्शन, संग्रहालय. मग विट्यावरून किर्लोस्करवाडी. स्टेशनावर चहा घ्या, रुळांकडं बघा, आणि लक्ष्मणरावांनी हाच माळ का निवडला असेल ते स्वतःच्या डोळ्यांनी तपासा.

कोणती क्रूझर बघताय, उंची किती, रोजचा रस्ता कुठला, एवढं एका कागदावर लिहून मगच शोरूमची पायरी चढा.